सहलीला जावे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषींना बोलवायचे आणि आपण सतरंजीवर बसून ऐकायचे, असा आपला आजवरचा शिरस्ता. यंदा मात्र आपल्यातल्याच दोघींनी बोलावे असे ठरले आणि त्यातली एक मी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा माझ्याकडून मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवणार नाही हे मी जाणून आहे. पण विषय मात्र मी आपणहून मागून घेतला. गेले तीन महिने आपल्या मंडळात ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त बोलणे झाले, तोच हा विषय आहे. यंदाची सहल ऐतिहासिक स्थळी न्यायची यावर सर्वांचे एकमत झाले. पण जायचे कसे, यावर घोडे अडले. सहल कंपनीच्या बसने, बरोबर गाइड घेऊन जायचे? की आपल्यातल्या ज्या पाच-सहाजणी गाडी चालवतात, त्यांच्या गाड्यांतून सकाळी निघून दिवेलागणीला घरी यायचे?

मंडळात दोन तट पडले. वडीलधाऱ्या म्हणाल्या, "कंपनीबरोबर जावे, जबाबदारी त्यांची, आपण निवांत बसावे." तरुण सुना म्हणाल्या, "त्या शिट्टीवर पळण्यापेक्षा आपली गाडी बरी." वाद हसतखेळतच झाला. तरी मला तो किरकोळ वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींना वर्षातून हा एकच दिवस स्वतःसाठी मिळतो. एरवी कोणाचा डबा, कोणाची शाळा, कोणाचे औषध. माहेरी गेले तरी तिथलेही काम हाताला चिकटतेच. असा दिवस मिळाला तर तो कारणी लागला पाहिजे. शिवाय आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहाजणी आहेत. "पुढच्या वर्षी बघू" हे उत्तर त्यांना देणे बरे नव्हे. त्यांचे गुडघे पुढच्या वर्षाची वाट बघत नाहीत.

म्हणून दोन्ही बाजूंचे जे मी अनुभवले ते सांगते, आणि शेवटी एक सूचना मांडते. पटली तर घ्यावी.

आधी कंपनीची बाजू. तीन वर्षांपूर्वी आपल्यातल्या काहीजणी मिळून आम्ही एका सहल कंपनीबरोबर रायगडला गेलो होतो. पहाटे बस निघाली. चहा, नाश्ता, जेवण, तिकिटे, कशाची म्हणून चिंता नाही. घरी रोज सगळ्यांना वाढणारी बाई त्या दिवशी स्वतः पानावर बसते आणि दुसरा कोणी तिला वाढतो, हे सुख लहान नाही. गडावरचा गाइड चांगला जाणता होता. त्याने आमच्यातल्या एकीला नगारखान्याच्या दाराशी उभे केले आणि बाकीच्यांना सिंहासनाच्या जागी नेले. ती तिकडे हळू आवाजात काही बोलली, ते आम्हाला इकडे स्पष्ट ऐकू आले. लाउडस्पीकर नाही, काही नाही. बांधणाऱ्याने दरबारच असा बांधला आहे. गाइड नसता तर आम्ही त्या मोकळ्या जागेतून गप्पा मारीत निघून गेलो असतो. गाइडचे काम काय, तर जे डोळ्यांना दिसते पण मनाला कळत नाही ते कळते करणे. त्याची दक्षिणा वाया जात नाही.

आता उणी बाजू. रोपवेच्या रांगेत आमचा बराच वेळ गेला. तो वेळ मग गडावरच्या वेळातून कापला. आम्हाला हिरकणीचा बुरूज पाहायचा होता. घरी तान्हे मूल रडत असेल म्हणून रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेलेली ती गवळण. तिची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आणि मोठेपणी आपल्या मुलांना सांगितली. पण त्या बाजूला वळलो आणि शिट्टी वाजली. खाली आल्यावर पाचाडला जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी दहा मिनिटे थांबावे अशी विनंती आम्ही केली. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनी, त्या माउलीने पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. मुलाच्या डोक्यावर छत्र पाहिले आणि मग डोळे मिटले. बसभर बायका, आणि समाधी वाटेपासून फार लांब नाही. उत्तर मिळाले, "कार्यक्रमात नाही." बस निघाली.

मी कंपनीला दोष देत नाही. चाळीस माणसे, ड्रायव्हरच्या कामाचे तास, हॉटेलवाल्याची वेळ, सगळे त्यांना सांभाळायचे असते. एकीसाठी थांबले तर दहाजणींसाठी थांबावे लागते. पण एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. कार्यक्रमाचा कागद ज्याने छापला, त्याने काय पाहायचे ते ठरवले. आणि कागदावरून जे सर्वांत आधी गळते, ते बहुधा आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याचे असते. तोफा, तट, दरवाजे राहतात. बुरुजावरून उतरलेली आई आणि समाधीतली आई राहून जाते.

आता दुसरी बाजू, आपल्या गाडीची. गेल्या मार्गशीर्षात आम्ही घरच्या व शेजारच्या मिळून पाचजणी पूर्णगड आणि कशेळीला जाऊन आलो. गाडी माझ्या धाकट्या जावेने चालवली. बरोबर सासूबाई होत्या, त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. घरच्या पुरुष मंडळींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "वाटेत टायर बसला तर काय करणार?" जावेने आदल्या दिवशी अंगणात जॅक लावून टायर बदलून दाखवला. तेव्हा भाऊजी हसले आणि म्हणाले, "जा." घरच्यांची काळजी खोटी नसते. तिला रागावून नव्हे, तयारी दाखवून उत्तर द्यावे.

भाट्याचा पूल ओलांडून आम्ही पावसला आलो. स्वामी स्वरूपानंदांचे दर्शन घेतले, सासूबाईंना घाई केली नाही. मग पूर्णगड. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकडीवर हा लहानसा किल्ला आहे. अर्ध्या-पाऊण तासात फिरून होतो. सासूबाई सावलीला बसल्या, एकजण त्यांच्यापाशी थांबली, आणि मग आम्ही पाळी बदलली. बसच्या सहलीत त्या बिचाऱ्या खिडकीतून बघत बसल्या असत्या. तटावरून समुद्र पाहिला, वारा खाल्ला, डबे उघडले. कोणी शिट्टी वाजवली नाही.

पण इथेच आपल्या गाडीची उणीवही दिसते. किल्ल्याच्या आत जुन्या बांधकामांची नुसती जोती उरली आहेत. हे घर की कोठार, सांगणारे कोणी नव्हते. फोनवर पाहावे तर चार ओळी, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. गाडीने आपल्याला जागेपर्यंत नेले, पण जागेचा अर्थ गाडी सांगत नाही.

पुढे खाडीवरचा पूल ओलांडून, गावखडीवरून कशेळीला आलो. तिथे कनकादित्याचे देऊळ आहे. सूर्याची देवळे आपल्याकडे थोडी, त्यातले हे नामांकित. देवळातल्या गुरुजींनी बसवून घेऊन सांगितले, की शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९१ साली या गावाचे दान दिले, त्याचा ताम्रपट आहे. आणि मग दंतकथा सांगितली. सूर्याची मूर्ती घेऊन जाणारे एक गलबत या किनाऱ्यापाशी अडले, मूर्ती इथे उतरवली गेली, आणि कनका नावाच्या एका बाईला दृष्टांत होऊन तिने देवाची स्थापना केली. तिच्या नावावरून देव झाला कनकादित्य. दंतकथा ती दंतकथा. पण देवाच्या नावात आधी एका बाईचे नाव आहे, हे ऐकून सासूबाईंनी पुन्हा एकदा आत जाऊन हात जोडले.

तिथून आम्ही सड्यावर कातळशिल्प पाहायला गेलो, आणि माझे मत तिथे ठाम झाले. आपला सडा आपल्याला काय नवा? पावसाळ्यात हिरवा, उन्हाळ्यात करपलेला, पायाला चटके देणारा जांभा. पण याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रे खोदून ठेवली आहेत. काही चित्रे दहा हजार वर्षांपर्यंत जुनी असावीत असे अभ्यासक मानतात. इथल्या अभ्यासू मंडळींनी, श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी, सडे पायी तुडवून अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. २०२२ साली कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. आठवे सिंधुदुर्गातले कुडोपी आणि नववे गोव्यातले फणसामळ.

कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. म्हणजे आपल्या या सभागृहात तो मावणार नाही. एवढा मोठा, पण उभ्याने समोर बघितला तर एकदम लक्षात येत नाही, कारण तो भिंतीवर नाही, पायाखाली आहे. वाडीतला एक माहितगार आमच्याबरोबर आला. त्याने झाडूने पालापाचोळा बाजूला सारला आणि बोट धरून शिकवावे तशी रेघ दाखवली. ही सोंड, हा पाय, ही पाठ. मग म्हणाला, "आता हत्तीच्या पोटात बघा." पोटात आणखी प्राणी, पक्षी, मासे! सासूबाई कडेला स्टुलावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "रांगोळीसारखंच की हे. बाहेरची रेघ आधी, मग आतलं भरायचं." माहितगार म्हणाला, "आजी, बरोबर बोललात." दुपारच्या उन्हात या रेघा सपाट दिसतात. सकाळी किंवा कलत्या उन्हात सावली पडून त्या उठून दिसतात. ही गोष्टही त्यानेच सांगितली.

आणि आणखी एक सांगितली ती फार महत्त्वाची आहे. गाडी घेऊन येणारे लोक मोकळा सडा बघून गाडी थेट कातळावर घालतात. खाली काय आहे ते त्यांना ठाऊक नसते. हजारो वर्षे ऊनपाऊस सोसलेले चित्र एका दुपारच्या चाकांनी झिजते. चिऱ्याच्या खाणींनी तर काही सडे मुळापासूनच कापले जातात. म्हणून आपली गाडी असेल तर तिचे मोकळेपण रस्त्यापुरतेच. सड्यावर पायी जायचे, चपला काढून जायचे, रेघांवर पाय द्यायचा नाही, आणि खडूने रंगवून फोटो काढायचे नाहीत.

मैत्रिणींनो, या दोन अनुभवांतून मी जे शिकले ते असे. कंपनी की आपली गाडी, हा प्रश्न आपण उलटा धरला आहे. वाहन एक आणि माहितगार दुसरा. या दोन गोष्टी कंपनी एकत्र बांधून विकते, म्हणून त्या एकच आहेत असे आपल्याला वाटते. दिवस आपल्या हातात ठेवावा, आणि जागा मुकी असेल तिथे त्या गावातला जाणता बरोबर घ्यावा. त्याला त्याचे मानधन सन्मानाने द्यावे. ते पैसे त्या वाडीत राहतात, आणि चित्र जपले तर आपल्यालाही दोन पैसे मिळतात हे वाडीला कळते. मग चित्राला राखण मिळते.

जागा मुकी की बोलकी, हे कसे ओळखावे? ज्या जागेची गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक आहे किंवा तिथे फलक, संग्रहालय आहे, ती बोलकी. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान बोलके आहे. २३ जुलै १८५६ ला ते तिथे जन्मले. घर पाहिले की पुरे, फार समजावून सांगावे लागत नाही. पतितपावन मंदिरही बोलके. भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली ते बांधून दिले. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते, आणि सर्व जातींच्या स्त्रियांनी एकत्र येऊन हळदीकुंकू करावे, एका पंक्तीला बसावे, हे त्या काळात इथे घडले. ज्या बाया घरचा रोष पत्करून त्या पंक्तीला बसल्या, त्यांची आठवण मंडळातल्या आपण ठेवायची नाही तर कोणी?

थिबा राजवाडाही तसाच. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. राजवाडा १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ साली राजा इथेच वारला. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्याबरोबर राणी सुपयालत होती, चार मुली होत्या. धाकटी तर इथे रत्नागिरीतच जन्मली. मंडालेच्या महालात वाढलेल्या बाईने परक्या मुलखात, पहाऱ्यात, तीस-बत्तीस वर्षे संसार केला. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच तिने लग्न केले, आणि इथल्या चारचौघींसारखी मराठी बोलत संसार केला. राजाची नात आपल्या गावात आपल्यासारखी राहिली! हे कोणत्याही सहलीच्या कागदावर नसते. आपण मात्र राजवाड्यावरून रिक्षाने बाजारात जातो आणि वर मानही करीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. २०१२ साली ब्रह्मदेशचे अध्यक्ष इथे येऊन राजाच्या कबरीपुढे उभे राहिले. आपल्यातल्या कितीजणी तिथे गेल्या आहेत, हात वर करून सांगा बरे. (हात मोजता आले.)

मुक्या जागा म्हणजे कातळशिल्पे, पन्हाळेकाजीची २९ लेणी, पडके किल्ले, जुनी देवळे. तिथे माहितगाराशिवाय जाऊ नये. पण माहितगाराने सांगितलेले सगळे ब्रह्मवाक्य मानू नये. विजयदुर्गावर सांगतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. ऐकून ऊर भरून येतो. परंतु लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होते आणि त्यांनी सूर्याच्या प्रकाशाचे ते निरीक्षण ऑक्टोबरात तिथूनच केले. ऑगस्टमधले ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. विजयदुर्गाला मोठेपणासाठी अशा गोष्टीची गरज नाही. आंग्र्यांच्या आरमाराचा तो किल्ला. तेवढे पुरे आहे. ऐकलेले वहीत टिपून घ्यावे आणि घरी आल्यावर पडताळावे. आपल्या गावात १८२८ सालापासूनचे नगर वाचनालय आहे, ते कशासाठी?

तिसरी जात म्हणजे समुद्रातल्या जागा. हर्णैचा सुवर्णदुर्ग घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सुवर्णदुर्ग आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. अशा ठिकाणी आपली गाडी बंदरावर थांबते. पुढे नाखवा म्हणेल ते प्रमाण. तो "आज नको" म्हणाला तर हुज्जत न घालता परत फिरायचे. पावसाळ्यात जायचेच नाही. होडीत बसल्यावर लाइफ जॅकेट घालायचे, "साडी चुरगळते" ही सबब चालणार नाही. हर्णै आपल्याला लांबही पडते. जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, मग धोपाव्याहून पुन्हा फेरीबोटीने दाभोळ, असे गाडीसकट जाता येते आणि ती वाट सुंदर आहे. पण एका दिवसात जाऊन येण्याची हौस करू नये. एक मुक्काम धरावा.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या गाड्यांनी जायचे तर काही नियम हवेत. गाडी चालवणारीला त्या दिवशी दुसरे काम नको. तिने डबा करायचा नाही, हिशेब ठेवायचा नाही, आणि मागून कोणी "हळू गं, जोरात गं" करायचे नाही. शक्य तर एका गाडीत दोघी चालवणाऱ्या असाव्यात, म्हणजे एकीलाच सगळा भार नाही आणि तिलाही खिडकीतून बाहेर बघता येते. सूर्य मावळायच्या आत परतीच्या वाटेला लागावे. फोनमधला नकाशा सड्यावर दगा देतो, रेंज जाते. म्हणून गावांची नावे क्रमाने कागदावर लिहून घ्यावीत.

गाडी भाड्याने घ्यायची झाली तर पाटीचा रंग बघावा. ड्रायव्हरसकट टॅक्सीची पाटी पिवळी असते. आपण स्वतः चालवायला भाड्याने मिळते तिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाडे देऊन नेली, आणि वाटेत अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडू शकतात. दोन पैसे वाचवायला जाऊन हजारोंना गाठ पडायची.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. कशेळीला जाऊन येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास होतात. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर पाच-सहा लिटर पेट्रोल. त्यात माहितगाराचे मानधन आणि चहापाणी मिळवून पाचांनी भागावे. पण रायगडासारखा लांबचा पल्ला आणि चाळीसजणी असतील तर बसच स्वस्त आणि बसच सुरक्षित. जवळच्या ठिकाणी एस.टी. विसरू नये. मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना तर तिकीटच नाही. गणपतीपुळ्याला किंवा पावसला जायला ना कंपनी लागते, ना गाडी.

एक गोष्ट बायकांच्या सभेत स्पष्ट बोलायला हवी. सहलीला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते आपण सर्वजणी जाणतो. मग दुपारी डोके दुखते, संध्याकाळी ताप येतो, आणि घरचे म्हणतात, "दगदग झाली." दगदग नव्हे, तहान. सहल कशीही न्या, कार्यक्रमाच्या कागदावर जेवणाच्या वेळेआधी स्वच्छतागृहाची ठिकाणे लिहा. पेट्रोल पंपावर ही सोय असली पाहिजे असा नियम आहे, तो ठणकावून मागा. दोन तासांत थांबा नसेल ती सहल आपण मंजूर करायची नाही.

आता माझी सूचना. यंदा एक मोठी सहल करण्याऐवजी तीन कराव्यात.

पहिली गावातली, अर्ध्या दिवसाची. जन्मस्थान, पतितपावन, राजवाडा आणि थिबाची कबर. रिक्षाने जायचे. गाइड बाहेरचा नको. चार जागांची माहिती आपल्यातल्या चौघींनी वाचून यायचे आणि दहा-दहा मिनिटे सांगायचे. सातवी शिकलेली मी इथे उभी राहून बोलते, तर आपल्यातल्या शिकलेल्यांना अवघड काय? बरीच सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा वार आधी विचारून घ्यावा. या सहलीला सर्व वडीलधाऱ्या मंडळींना न्यायचे. एकही मागे राहता कामा नये.

दुसरी आपल्या गाड्यांतून पूर्णगड-कशेळीची किंवा उक्षीची, थंडीच्या दिवसांत. माहितगाराला आठ दिवस आधी निरोप द्यायचा. गाड्या रस्त्यावर लावायच्या, सड्यावर पायी.

तिसरी रायगडची, कंपनीच्या बसने. पण कार्यक्रमाचा कागद आपण लिहायचा आणि पैसे भरण्याआधी त्यावर कंपनीची सही घ्यायची. त्यात चार अटी. गडावर पुरते चार तास, हिरकणी बुरुजाकडे जाण्याची वेळ वेगळी, पाचाडला अर्धा तास, आणि दर दोन तासांनी थांबा. अटी मान्य नसतील तर दुसरी कंपनी पाहायची. चाळीस बायकांचे गिऱ्हाईक कोणी सहजासहजी सोडत नाही.

माझ्या या बोलण्यात कोणाची बाजू उचलली आणि कोणाची पाडली, असे नाही. वडीलधाऱ्यांनी बस मागितली ती काळजीने, आणि सुनांनी गाडी मागितली ती हौसेने. दोन्ही रास्त आहेत. एवढेच म्हणणे आहे, की कुठे थांबायचे आणि काय पाहायचे हे यापुढे आपण एकत्र बसून ठरवू, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर सोडणार नाही. सूचनांची वही दाराशी ठेवली आहे. जाताना प्रत्येकीने तिच्यात आपले नाव आणि पाहायच्या जागेचे नाव लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला सांगावे, मी लिहून घेईन.